मर्व्हसाठी चार ओळींचा मेनू

६ एप्रिल २००४, मंगळवार

आमच्या स्वयंसेवी बचाव केंद्राच्या प्रमुखानं, नेव्हिलनं, आज सकाळच्या चहालाच बॉम्ब टाकला. एक जूनपासून रेडिओच्या खोलीत वही बंद! वरून हुकूम आलाय म्हणे. कुठली बोट समुद्रात गेली, कुठली परत आली, सगळं कॉम्प्युटरवरच्या डेटाबेसमध्ये भरायचं. ज्याला जमणार नाही त्यानं रेडिओवर बसायचं नाही. पंचवीस मेला शहरातून परीक्षक येणार आणि एकेकाला समोर बसवून बघणार.

सगळे मर्व्हकडे बघायला लागले. मर्व्ह शांतपणे बिस्किट चहात बुडवत होता. त्यानं एवढंच विचारलं, "वारा फिरला तर ते यंत्र सांगतं का?" नेव्हिलनं सगळी नोकरी बँकेत काढली आहे, विनोद ऐकला की तो घड्याळाकडे बघतो. "प्रश्न तो नाहीये, मर्व्हिन," म्हणाला.

मर्व्ह माझा थोरला भाऊ. शहात्तर वर्षांचा. टाइपरायटरलासुद्धा कधी बोट लावलेलं नाही. एव्हिस वहिनी गेल्यापासून त्याच्या आठवड्यात एकच वार उरलाय — मंगळवार. मंगळवारी दाढी होते, इस्त्रीचा शर्ट निघतो, डबा भरला जातो, आणि स्वारी धक्क्यावरच्या पायऱ्या चढून रेडिओपाशी जाऊन बसते. बाकीचे सहा दिवस ड्रेसिंग गाऊन आणि टीव्ही. ती खुर्ची गेली तर सातवा दिवसही गाऊनमध्येच जाणार. मला ते बघवणार नाही.

म्हणून मी हात वर केला. म्हटलं, प्रोग्राम मी सोपा करून देते. नगरपालिकेत कुत्र्यांच्या परवान्यांचा डेटाबेस इतकी वर्षं कोण सांभाळत होतं?

कुत्री आणि बोटी, फरक तो काय असणार!

८ एप्रिल, गुरुवार

फरक आहे.

गुरुवारची पाळी माझी. समुद्र खवळलेला, एकही बोट बाहेर नाही, म्हणून दिवसभर प्रोग्राम उघडून बसले. काय ते मेनू! वर सात मथळे. एकेकावर टिचकी मारली की खाली पंधरा-वीस आज्ञा लोंबतात. त्यातल्या काहींना पुन्हा बाजूला फांद्या. 'जलयान प्रस्थान नोंद प्रारंभ'. 'जलयान आगमन पुष्टीकरण'. 'संपर्क-अभाव स्थिती निर्धारण'. अरे माणसा, बोट निघाली, बोट आली आणि बोट बोलत नाही, एवढंच आहे की हे! ज्यानं लिहिलं तो जन्मात कधी बोटीत बसला नसणार.

पण एक बरं आहे. मेनू बदलता येतात. 'कस्टमाइझ'ची खिडकी उघडी ठेवायची, नको असलेली आज्ञा माउसनं पकडायची, पट्टीवरून खाली ओढायची आणि सोडून द्यायची. गेली! घरातल्या पसाऱ्याचं असं करता आलं असतं तर मी आज राणी असते.

१० एप्रिल, शनिवार

ओढा आणि फेका. ओढा आणि फेका. ईस्टरची सुट्टी याच्यात चालली आहे आणि मला मजा येतेय.

१३ एप्रिल, मंगळवार

मेनूला मर्व्हचेच शब्द द्यायचे ठरवलं. तो जे तोंडानं म्हणतो तेच पडद्यावर. म्हणून आज त्याच्या शेजारी जाऊन बसले.

रेडिओ खरखरला. क्लाइव्हची हाक. क्लाइव्हच्या बोटीचं नाव 'शर्लीची सवत'. शर्ली म्हणजे त्याची बायको, आणि बोटीवर ते नाव तिनंच रंगवून घेतलंय. क्लाइव्ह एकटाच जातो, रीफच्या खडकांबाहेर, फ्लॅटहेड मासे पकडायला. मर्व्हनं वहीत लिहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "निघाली." झाली एक आज्ञा. 'निघाली'.

दुसरी 'परत आली'. तिसरी 'बोलत नाही'.

तासाभरानं तो उठला, खिडकीशी गेला, खाली गाड्या लावायच्या जागेकडे बघून म्हणाला, "एक ट्रेलर गेला." ही आमच्या मटनबर्ड पॉइंटची जुनी खोड! निघताना प्रत्येक जण रेडिओवर इमानदारीत सांगतो, पण परत आल्यावर अर्धे विसरतात. बोट ट्रेलरवर चढवतात आणि थेट घर नाहीतर क्लबातली बिअर गाठतात. मग आम्ही खिडकीतून बघतो. ट्रेलर दिसला नाही की समजायचं, माणूस घरी गेला.

मर्व्ह मात्र त्यावर थांबत नाही. ट्रेलर गेला की वहीत पेन्सिलीनं बारीक खूण करतो. मग घरी फोन. "आलाय का गं तो?" बायको म्हणाली, अंघोळीला गेलाय, की मग पेननं खूण. त्या फोनवर गावभरच्या बातम्याही कळतात, हा भाग वेगळा.

चौथी आज्ञा — 'ट्रेलर गेला'. परीक्षकाला आवडेल, असं गावरान काहीतरी.

१८ एप्रिल, रविवार

आज स्वतःलाच कुलूप घालून किल्ली आत ठेवली!

चार ओळींचा मेनू तयार झाला. छान दिसला. मग वाटलं, मर्व्हला चुकूनही दुसरं काही दिसायला नको. म्हणून प्रोग्राम सुरू होताना मूळचे मेनू दाखवूच नयेत अशी सोय केली, बंद केला, पुन्हा उघडला. चार ओळी. फक्त चार ओळी! मला काही बदलायचं असेल तर जायचं कुठून? दारच नाही. उजवी टिचकी मारली, डावी मारली, टेबलावर चापटी मारली. काही नाही. नेव्हिलला काय सांगणार होते मी?

नगरपालिकेतल्या जुन्या मैत्रिणीला फोन केला. ती आधी पोटभर हसली. मग म्हणाली, उघडताना शिफ्टचं बटण दाबून धर. धरलं. सगळे मेनू मुकाट्यानं परत आले. तिला घरी भाजलेले भोपळ्याचे स्कोन कबूल करून सुटले.

२० एप्रिल, मंगळवार

मर्व्हला मेनू दाखवला. त्यानं चष्मा पुसला, चारही ओळी मोठ्यांदा वाचल्या आणि म्हणाला, "हे तर माझंच बोलणं." खूश झाला. लपवतो, पण मला कळतं. कान हलतात त्याचे.

मग विचारलं, "आणि पेन्सिल कुठाय?"

मी म्हटलं, मेनूत पेन्सिल नसते, मर्व्ह. 'ट्रेलर गेला' दाबलंस की बोट परत आली अशी नोंद होईल आणि तिची ओळ यादीतून जाईल. अधलंमधलं काही ठेवलं तर आणखी एक ओळ, आणखी एक खिडकी, आणखी टिचक्या. जेवढं कमी तेवढं तुला सोपं. फोन काय, तू करशीलच.

"करेनच, ग्लेन," म्हणाला.

२७ एप्रिल, मंगळवार

नेव्हिल रुसला. 'निघाली' हा काय शब्द आहे, म्हणे. अधिकृत भाषा हवी. मी त्याला त्याचा स्वतःचा वेगळा मेनू करून दिला. त्यात सगळी जलयानं, सगळी पुष्टीकरणं, सगळ्या फांद्या परत लावल्या. आता त्याला हवी ती आज्ञा सापडत नाही, पण समाधानी आहे.

शनिवारवाल्या पॅटला अक्षरं जांभळी हवीत. जांभळी नाही होत, पॅट.

२ मे, रविवार

माझ्या स्वयंपाकघरातल्या कॉम्प्युटरवर मर्व्हची शिकवणी. माउस आधी उचलून हवेत धरला. मग टेबलाच्या कडेवरून खाली पाडला. मग म्हणाला, याची शेपूट मधे येते.

खोट्या बोटी भरायला सांगितल्या, तर त्यानं आमच्या सगळ्या मावश्यांची नावं घातली. मेबल मावशी निघाली. इडिथ मावशी निघाली. मेबल मावशी बोलत नाही! खरंच बोलायची नाही ती, आमच्या आईशी शेवटपर्यंत नाही. दोघं इतके हसलो की कुत्रं घाबरून बाहेर गेलं. एव्हिस गेल्यापासून त्याला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मला एकदम रडायला आलं, म्हणून किटली ठेवायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

जाताना दारात म्हणाला, "मंगळवारपर्यंत मावश्यांना बाहेरच ठेव. मी येऊन आणतो."

९ मे, रविवार

भलतंच! मर्व्ह सकाळी सरावाला म्हणून रेडिओच्या खोलीत गेला आणि तिथून त्याचा फोन — 'बोलत नाही' मेनूतून पळून गेलंय. शक्य नाही म्हटलं. गाडी काढून गेले, तर खरंच नाही. चारच्या जागी तीन ओळी, आणि खाली दोन बारीक बाण.

या प्रोग्रामला अक्कल शिकवून ठेवली आहे कोणीतरी. जी आज्ञा तुम्ही फारशी वापरत नाही, ती तो आपणहून झाकतो. तीन आठवड्यांत कुणी हरवलं नाही म्हणजे हरवल्याची ओळ कशाला, असा त्याचा हिशेब! मर्व्ह म्हणाला, "म्हणजे अग्निशामक बंब रोज लागत नाही म्हणून विकून टाकायचा." ती सोय शोधून बंद केली. आता चारही ओळी कायम दिसतील.

मी किती बारकाईनं बघते सगळं, असं वाटून स्वतःवरच खूश होत घरी आले.

१८ मे, मंगळवार

मर्व्हनं आज खऱ्या बोटी कॉम्प्युटरवर भरल्या. बाजूला वही उघडीच होती, पण तिकडे बघितलं नाही. सकाळपासून एक चूक नाही! जेवायच्या सुट्टीत फोनवर एकेका बायकोशी गप्पा मारल्या ते वेगळंच. मी चेष्टा केली, की परीक्षकासमोर एवढा वेळ फोनवर काढलास तर नापास होशील.

"मग नाही काढणार," म्हणाला.

२४ मे, सोमवार

मर्व्हनं शर्टाला दोनदा इस्त्री केली. मी कॅरॅमल स्लाइसच्या वड्यांचा ट्रे भरला. झोप येईल असं वाटत नाही.

२५ मे, मंगळवार, दुपार

पास! पास! पास!

परीक्षक म्हणजे तानिया नावाची एक पोनीटेलवाली मुलगी, हातात लिहायचं पॅड. मर्व्ह पडद्यासमोर ताठ बसला, नाक काचेला टेकेल एवढा जवळ. रेडिओवर हाक आली की त्याचा हात जायचा, टिचकी, झालं. एकदाही माउस हवेत गेला नाही.

मध्येच मान वळवून खाली बघितलं, "क्लाइव्हचा ट्रेलर गेला," म्हणाला आणि चौथी ओळ दाबली. 'शर्लीची सवत' यादीतून गेली. तानियानं विचारलं, हे काय? मर्व्हनं आमच्या गावची खोड समजावून सांगितली. तिला इतकं आवडलं की म्हणाली, "हे मी बाकीच्या गावांनाही सांगणार आहे." मेनू कोणी केला, हेही विचारलं. नेव्हिलनं माझ्याकडे बोट दाखवलं आणि चक्क हसला!

स्लाइसचा एक तुकडा कागदात गुंडाळून घेऊन ती गेली. मर्व्ह खुर्चीत गोल फिरला, एकदा पुरा. त्याच्या पाळीची वेळ अजून संपायची आहे. मी इथेच मागच्या खोलीत हे लिहितेय, कारण घरी जाईपर्यंत धीर नाही.

खुर्ची वाचली!

२६ मे, बुधवार

काल लिहून संपवलं आणि फोन वाजला. मीच उचलला. शर्ली होती. क्लाइव्ह तिथे गप्पा छाटत बसला असेल तर त्याला सांग, म्हणाली, येताना दूध आण.

मी म्हटलं, तो तर कधीच घरी गेला ना.

"घरी? इथे कुठे आलाय."

मर्व्हनं माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आधीच त्याला कळलं होतं. त्यानं रेडिओ घेतला आणि हाका मारायला लागला. शर्लीची सवत, शर्लीची सवत, हा मटनबर्ड बेस. पुन्हा. पुन्हा. नुसती खरखर.

तेवढ्यात खाली धक्क्यावर क्लाइव्हची गाडी आली, मागे रिकामा ट्रेलर. चालवत होता बर्नी, क्लाइव्हचा शेजारी, शीळ घालत. बर्नीच्या ट्रेलरचं चाक सकाळी जाम झालं. म्हणून त्यानं क्लाइव्हची गाडी ट्रेलरसकट नेली, स्वतःची बोट घरी ओढून टाकली, जेवला, एक डुलकी काढली आणि आता परत आणून ठेवत होता. किल्ली? किल्ली पुढच्या टायरवर. या गावात सगळ्यांच्याच किल्ल्या पुढच्या टायरवर असतात. विचारायचं कुणाला, क्लाइव्ह तर समुद्रात! "त्याला कळायच्या आत ठेवणार होतो गं," बर्नी म्हणत राहिला. त्याच्या तोंडचा रंग उडाला होता.

क्लाइव्हनं सकाळी सांगितलं होतं, दुपारी बारापर्यंत परत. वही असती तर बाराला त्याचं नाव डोळ्यांसमोर असतं, शेजारी पेन्सिलीची खूण. मर्व्हनं शर्लीला फोन केला असता. शर्ली म्हणाली असती, नाही आला. आणि आम्ही बाराला निघालो असतो. पण यादीत ओळच नव्हती. जी ओळच नाही तिच्यासाठी फोन कोण करणार?

नेव्हिलनं बचावबोट काढली. त्याला मी कधी धावताना बघितलं नव्हतं. दक्षिणेचा वारा सुटला होता, लाटा पांढऱ्या झाल्या होत्या. आम्ही दोघं वर रेडिओपाशी. मर्व्ह हाका मारत राहिला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर त्यानं तो हळूच काढून बाजूला ठेवला.

उजेड जाता जाता नेव्हिलचा आवाज आला. सापडला. जिवंत आहे. रीफच्या खूप खाली वाहवत गेला होता. इंजिन सकाळीच बंद पडलं, ते चालू करता करता बॅटरी गेली आणि बॅटरीबरोबर रेडिओ. अंगावरचा शर्ट काढून हलवत बसला होता बिचारा, लाटांनी चिंब. धक्क्यावर उतरवला तेव्हा ओठ निळे होते आणि दात इतके वाजत होते की शिव्यासुद्धा नीट देता येत नव्हत्या. शर्लीनं त्याला मिठी मारली आणि मग माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. नुसतं बघितलं.

रात्रभर हॉस्पिटलात ठेवलाय. डॉक्टर म्हणतात, ठीक आहे. अजून थोडा वेळ गेला असता तर, हे वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

मी केलं. सारखं करतेय.

२८ मे, शुक्रवार

बैठक झाली. मी आधीच उभी राहिले. म्हटलं, मेनू माझा, चूक माझी. त्यानं पेन्सिल मागितली होती, मी दिली नाही. नको त्या आज्ञा काढता काढता हवी ती काढली. मर्व्हनं तेच केलं जे मी त्याला शिकवलं होतं.

नेव्हिल आज वेगळाच वागला. म्हणाला, दोघांचीही चूक आहे आणि आमची सगळ्यांचीही, कारण ट्रेलर बघून खूण करायची सवय अख्ख्या गावाची. मर्व्हला काढायचा विषयच नाही. तो पास झालेला आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. मला हुश्श झालं.

मर्व्ह उठला. खिशातून रेडिओच्या खोलीची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

"ग्लेननं मेनू केला, पण दाबलं मी," तो म्हणाला. "फोन माझ्या हाताशी होता. मी पास व्हायच्या नादात होतो. इतकी वर्षं खिडकीतून समुद्र बघितला, आणि त्या दिवशी दिवसभर कॉम्प्युटरची काच बघत बसलो."

तो टोपी घालून निघून गेला. मी मागे धावले, तर म्हणाला, चालत जातो.

३० मे, रविवार

'ट्रेलर गेला' काढून टाकलं. त्या जागी 'ट्रेलर दिसत नाही, घरी फोन करा'. आता ते दाबलं की बोटीची ओळ यादीतच राहते, नुसती पिवळी होते. घरून खात्री झाली आणि 'परत आली' दाबलं, तरच जाते. झाली पेन्सिल!

चहा थंड व्हायच्या आत झालं. एवढंसं काम होतं. एवढंसं! तेव्हा केलं असतं तर. मेनूत पेन्सिल नसते म्हणे. कुठून आला होता हा शहाणपणा मला?

रडले खूप. मग तोंड धुऊन मर्व्हला फोन लावला. उचलला नाही.

१ जून, मंगळवार

मर्व्हकडे गेले. मंगळवार आणि तो गाऊनमध्ये. पडदे ओढलेले, टीव्हीवर कुठलातरी बक्षिसांचा खेळ, आवाज बंद. दाढीचे खुंट पांढरे. मी नवा मेनू सांगायला लागले, पिवळी ओळ वगैरे. त्यानं ऐकून घेतलं. "चांगलं केलंस," म्हणाला, आणि पुन्हा टीव्हीकडे बघायला लागला.

नेव्हिल म्हणतो, खुर्ची त्याची आहे, कधीही यावं. मर्व्ह म्हणतो, नाही. दोघंही हट्टी. मध्ये मी.

मला नेमकं हेच होऊ द्यायचं नव्हतं. याच्यासाठीच तर सगळं केलं होतं ना!

५ जून, शनिवार

दुकानातून येताना बघितलं, तर क्लाइव्हची गाडी मर्व्हच्या दारात. बोलायला आला असेल. बोलायचा त्याला हक्कच आहे. गाडी थांबवून आत जावंसं वाटलं, पण धीर झाला नाही. तशीच पुढे गेले.

संध्याकाळी मर्व्हला फोन केला. काय म्हणाला रे क्लाइव्ह? "मासे आणले होते," एवढंच म्हणाला. आणखी विचारलं तर फोन ठेवला.

८ जून, मंगळवार

मंगळवारच्या पाळीला कोणी मिळत नाही. नेव्हिलनं मला विचारलं. मर्व्हच्या खुर्चीत मी बसू? आधी नाही म्हटलं. मग विचार केला, रिकामी खुर्ची म्हणजे बोटींना ऐकणारं कोणी नाही. हो म्हटलं.

मर्व्हला सांगायला हवं. उद्या सांगते. नाहीतर परवा.

१५ जून, मंगळवार

आज पहिल्यांदा मर्व्हच्या खुर्चीत मी. जून लागला आणि हिवाळा आला, थंडी कडक, समुद्र सपाट. उजाडता उजाडता पहिली हाक — क्लाइव्ह! त्या दिवसानंतर आज पहिल्यांदाच निघालाय. 'शर्लीची सवत', रीफच्या बाहेर, बारापर्यंत परत. विचारायचं ते विचारलं, बोटीवर किती जण?

"दोघं," क्लाइव्ह म्हणाला. "एकट्याला शर्ली सोडत नाही आता. आणि हा घरात बसून नुसते पडदे ओढत होता."

मग मागून मर्व्हचा आवाज आला. "ग्लेन, उशीर झाला तर माझ्या घरी फोन करू नकोस. घरी कोणी नाहीये."

मी 'निघाली' दाबलं. मग खिडकीशी जाऊन उभी राहिले, बोट दिसेनाशी होईपर्यंत.